बंदच्या दिवशीचा अर्ज

मंगळवारी सकाळी अकराला न्यायालयाचं कामकाज सुरू झालं आणि एकही वकील आत गेला नाही.

संघाचे सगळे सदस्य काळे कोट घालून, दंडाला लाल फीत बांधून पायऱ्यांवर उभे होते. आतून शिपाई एकेका खटल्याचं नाव पुकारत होता. पुकारा व्हरांड्यातून बाहेर यायचा, ज्याचं ते काम असेल तो वकील किंचित मान हलवायचा, आणि शिपाई पुढच्या नावाकडे वळायचा. पक्षकार चिंचेखाली उकिडवे बसले होते. त्यांना सकाळीच सांगितलं होतं की आज फक्त पुढची तारीख मिळेल. तरी ते घरी गेले नव्हते.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. कोर्ट, पोलीस आणि बाजार समिती हे माझे विषय. बातमी दुपारी चारच्या आत पाठवावी लागे, त्यामुळे बंदची बातमी मी अर्धी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. संख्या आणि घोषणा तेवढ्या भरायच्या राहिल्या होत्या.

बंदमागे ॲडव्होकेट अंबादास येलमार होता. आम्ही शाळेत एका वर्गात होतो, म्हणून इथेही त्याला एकेरीच लिहितो. तो फौजदारी कामं करायचा, संघाचा सचिव होता आणि संघाच्या 'फौजदारी न्यायसुधारणा समिती'चा निमंत्रकही. समितीचं नाव मोठं, माणसं तीन. या तिघांनी दोन महिने उपकारागृहात जाऊन एकेका कच्च्या कैद्याशी बोलून अहवाल तयार केला होता. कोठडीत माणसं दाटीवाटीने भरलेली होती. तारीख असली तरी पोलीस बंदोबस्त नाही म्हणून कैद्यांना कोर्टात आणत नसत. पहिल्या रिमांडला बहुतेकांच्या बाजूने कोणी उभंच राहिलेलं नव्हतं. अहवाल वरपर्यंत गेला, उत्तर आलं नाही. मग येलमारने एक दिवसाच्या बंदचा ठराव मांडला आणि अध्यक्षांनी त्याला अनुमोदन दिलं.

अध्यक्ष म्हणजे ॲडव्होकेट कोठावळे. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर दिवाणी दावे चालवलेले. सगळे त्यांना नाना म्हणत. खून करणाऱ्यापेक्षा बांध कोरणारा माणूस वाईट, असं त्यांचं मत होतं आणि नाना ते गंभीरपणे सांगत. पण अहवाल वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले, असं येलमारने मला सांगितलं होतं.

संघाचा एक नियम होता. बंदच्या दिवशी जो न्यायासनापुढे उभा राहील, त्याचं सदस्यत्व गेलं. पूर्वी एकदा बंदच्या दिवशी एकजण गुपचूप आत गेला होता आणि समोरच्याच्या पाठीमागे हुकूम घेऊन आला होता. त्या हुकमावर एका विधवेच्या घराची भिंत पडली. तेव्हापासून हा नियम कोणी मोडला नव्हता. आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक वकिलाची खात्री होती की बंदने कोणाचं नुकसान होत नाही. समोरचा वकीलही बाहेरच असतो. तारीख तेवढी पुढे जाते.

साडेअकराच्या सुमारास इमल काळे पायऱ्यांपाशी आली. तिला मी ओळखत होतो. बाजार समितीत ती कांदा निवडायला यायची. गावाबाहेरच्या पारधी वस्तीवर राहायची. तिचा नवरा झुंबर दरोड्याच्या गुन्ह्यात अटकेत होता. एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला, म्हातारा मालक जखमी झाला, आणि पोलिसांनी रिवाजाप्रमाणे आधी वस्तीवरून चार माणसं उचलली. त्या चौघांत झुंबर. घरात पुरुष नाही म्हटल्यावर गावातल्या काहींनी इमलला पाल उठवायला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात दोनदा सांगितलं होतं.

"वकीलसाहेब, पुकारा झाला तर मी आत जायचं का न्हाई?"

येलमारने तिला बंदचं समजावलं. आज काही होणार नाही, कोठडी वाढेल, उद्या सकाळी पहिला अर्ज तुझ्याच नवऱ्याचा टाकतो, असं सांगितलं.

"उद्या तर कागद येतोय म्हनं पोलिसांचा," इमल म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"शेंडगे हवालदार. च्याच्या गाड्यावर बोलत हुता, मी मागंच उभी. म्हनला, नव्वद तर कालच भरलं. पर आज वकिलांचा बंद हाय, मागायला कुनी न्हाई. आज निवांत टाइप करू, उद्या कोर्ट उघडायच्या टायमाला टाकू."

येलमारने करंगळीच्या पेरावर अंगठा ठेवला. मग पुढच्या पेरावर, मग पुढच्या. ओठ हलत होते. अनामिकेवर येऊन अंगठा थांबला.

"मोजताना मी कोठडीचा पहिला दिवस सोडला," तो म्हणाला. कोणाला उद्देशून म्हणाला, ते मला कळलं नाही.

वाचकासाठी इथे कायदा सांगितला पाहिजे. दरोड्यासारख्या गुन्ह्यात पोलिसांना नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावं लागतं. ते झालं नाही तर आरोपीला जामीन मिळतो, मग गुन्हा कोणताही असो. पण तो आपोआप मिळत नाही. मागावा लागतो, आणि पोलिसांचे कागद येण्याच्या आत मागावा लागतो. कागद आले की तो हक्क संपतो. मग पारध्याला दरोड्यात जामीन मिळणं जवळपास अशक्य. निकाल लागेपर्यंत आत. निकालाला इथे चार-पाच वर्षं लागतात. मुदत काल संपली होती. कागद उद्या येणार होते. मागायला फक्त आजचा दिवस होता, आणि आजचा दिवस येलमारने स्वतः बंद केला होता.

तो आधी ॲडव्होकेट हेमंत दुधाळकडे गेला. दुधाळ तिशीतला, सनद मिळून तीनच वर्षं झालेली. याच गुन्ह्यातल्या बाकी तीन आरोपींचं वकीलपत्र त्याच्याकडे होतं.

"हेमंत, तुझ्या तिघांचीही मुदत काल संपलीय."

दुधाळने फाइल उघडून पाहिली नाही. त्यालाही लगेच कळलं असावं. "सर, ठराव तुमचा," तो म्हणाला. "अक्षरसुद्धा तुमचंच आहे त्यावर."

"दोघं मिळून नानांकडे जाऊ."

"तुम्ही जा. तुम्ही आत गेलात तरी तुम्हाला उद्या कामं मिळतील. मला इथं बसायला टेबल मिळालं ते गेल्या दिवाळीत." त्याने लाल फीत उगाच सारखी केली. "त्यांची वाट बंद नाही ना होत. रीतसर अर्ज आहेच नंतर."

रीतसर अर्जाचं काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. येलमार पायऱ्या चढू लागला.

नाना वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "चूक कोणाची?" येलमार म्हणाला, "माझी." नानांनी मान डोलावली.

"अंबादास, तुला सोडलं तर आत्ता दहाजण माझ्यासमोर उभे राहतील. प्रत्येकाचं आज काहीतरी अडलेलं आहे. कोणाचा मनाई हुकूम, कोणाचा ताबा. मी कोणाला काय सांगू?"

"नाना, आपण मागणीत काय लिहिलंय? कच्चा कैदी वकिलावाचून उभा राहू नये."

"त्यासाठीच बंद केला ना?"

"आणि आज तो आपल्या बंदमुळे वकिलावाचून उभा राहणार आहे."

आजूबाजूचे वकील जवळ सरकले होते. नानांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातात धरून बसले.

"मी दिवाणीतला माणूस," ते शेवटी म्हणाले. "मला सांग. त्याने स्वतः तोंडाने मागितलं तर चालतं का?"

"चालतं."

"अर्ज नको, वकील नको?"

"नको. मागितलं की झालं."

"मग बाईला शिकव, ती नवऱ्याला सांगेल. आणि तुला आत बसायचं असेल तर कोट काढून बस. बिनकोटाचा माणूस म्हणजे प्रेक्षक. त्याला संघाची हरकत नाही." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही माझी मुभा आहे. याच्या पलीकडे नियम आहे."

माझ्या मते नानांनी त्या दिवशी देता येण्यासारखं सगळं दिलं होतं.

येलमारने इमलला चिंचेखाली नेलं आणि एक वाक्य शिकवलं. तिने ते एकदाच ऐकलं आणि म्हणून दाखवलं, "सायेब, नव्वद दिस भरलं, पोलिसांचा कागद आला न्हाई, मला जामीन द्या." येलमार म्हणाला, बस, एवढंच. ती म्हणाली, "एवढंच व्हय? मग इतकी बुकं कशाला शिकलात?" येलमार हसला. त्या दिवशी तो एकदाच हसला.

पोलिसांची गाडी आली ती एकट्या झुंबरला घेऊन. तो इथल्या उपकारागृहात होता. बाकीच्या तिघांना जागेअभावी जिल्ह्याच्या तुरुंगात हलवलं होतं, आणि तिथून निरोप होता की बंदोबस्त उपलब्ध नाही. अहवालातली ही दुसऱ्या क्रमांकाची तक्रार होती. व्हरांड्यात इमल नवऱ्याच्या जवळ गेली. बंदोबस्ताच्या शिपायाने तंबाखू मळायला मान खाली घातली, तेवढ्यात तिने झुंबरला ते वाक्य सांगितलं. झुंबरने मान हलवली. बुटका, काटक माणूस. तुरुंगात दाढी वाढली होती आणि शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी होता.

मी आत जाऊन माझ्या नेहमीच्या जागी बसलो. वकिलांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. फक्त सरकारी वकील बसले होते. बंद त्यांना लागू नव्हता. येलमार मागच्या बाकावर बसला. कोट घडी करून मांडीवर, गळ्याचा पांढरा बँड खिशात. व्हरांड्याकडच्या खिडक्यांत वकिलांची डोकी जमली होती.

न्यायदंडाधिकारी एक तरुण बाई होत्या, वर्षभरापूर्वी बदलून आलेल्या. कमी बोलत आणि सगळं वाचून सही करत. झुंबर पुढे आला. त्याच्या हातकडीची दोरी शेंडगे हवालदाराच्या हातात होती.

"वकील?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे, मॅडम," शेंडगे म्हणाला.

"काही तक्रार आहे का?"

हा प्रश्न प्रत्येक आरोपीला प्रत्येक तारखेला विचारतात. पोलिसांनी मारहाण केली का, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्याचं एकच उत्तर असतं आणि ते कोठडीत पहिल्याच रात्री शिकवलेलं असतं.

"काय तक्रार न्हाई, सायेब," झुंबर म्हणाला.

"आणखी काही सांगायचंय?"

झुंबरने तोंड उघडलं. शेंडगे काही बोलला नाही, त्याने दोरीही ओढली नाही. फक्त ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"न्हाई, सायेब."

दारातून इमल म्हणाली, "मागा की वो." शेंडगेने मान न वळवता तिला गप बसायला सांगितलं. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग झुंबरकडे. तो खाली पाहत होता. त्यांनी पेन उचललं.

माझ्या मागे बाक वाजलं.

येलमार उभा राहिला होता. त्याने कोटाची घडी मोडली, एक बाही घातली, मग दुसरी. खिशातून बँड काढला. मानेमागचा हूक त्याला सापडेना, दोनदा सुटला. खिडकीतून कोणीतरी हलकेच "सर" म्हणालं, विनंती केल्यासारखं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी थांबते," त्या म्हणाल्या. "नीट लावून घ्या."

बँड लागला. येलमार चालत पुढे आला. दंडावरची लाल फीत काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. आरोपीच्या वतीने जामीन मागतो, असं तो म्हणाला, आणि कारण तीन वाक्यांत सांगितलं. बाईंनी लेखी मागितलं. त्याच्याकडे कागद नव्हता. फाइल पायऱ्यांवर राहिली होती. त्याने माझ्याकडे हात केला. मी वहीतलं पान फाडून दिलं. बातमीदाराने कोर्टाच्या कामात भाग घेऊ नये, हा आमचा नियम. त्याला तेव्हा कागद हवा होता आणि माझ्याकडे होता.

अर्ज लिहून झाल्यावर बाईंनी सरकारी वकिलांना विचारलं. ते उठले, शेंडगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोषारोपपत्र दाखल झालेलं नाही, हे खरं आहे." आणखी काही न बोलता ते बसले. जामीन मंजूर झाला.

मग बाईंनी पुढची पानं उलटली. "याच गुन्ह्यात आणखी तीन आरोपी आहेत. आज हजर केलेले नाहीत. त्यांच्यातर्फे कोणी आहे?"

येलमार म्हणाला, "त्यांचं वकीलपत्र माझ्याकडे नाही." पण तो बाईंकडे पाहून बोलत नव्हता. खिडकीकडे पाहत होता. दुधाळ तिथे उभा होता, गजाला धरून. त्याच्या आणि न्यायासनाच्या मध्ये पंधरा फूट अंतर आणि एक उघडी खिडकी होती.

"कोणी आहे का?" बाईंनी पुन्हा विचारलं. एरवी त्या एकदाच विचारत.

दुधाळने गज सोडला. मला वाटलं, तो दाराकडे येतोय. तो मागच्या घोळक्यात गेला.

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि फाइल बंद केली.

पाच वाजता संघाच्या खोलीत सभा झाली. बातमीसाठी मला नेहमी बसू देत, त्या दिवशीही कोणी अडवलं नाही. भाषणं झाली नाहीत. नानांनी येलमारला विचारलं, काही म्हणायचं आहे का. तो नाही म्हणाला. झुंबरसारखाच, नाही म्हणाला. एकाने सुचवलं की कारण विचारात घेऊन समज देऊन सोडावं. नाना म्हणाले, "त्या भिंतीच्या वेळीही कारण होतं. प्रत्येकाला असतं." मग दोन वर्षांसाठी सदस्यत्व रद्द, असा ठराव त्यांनी सांगितला. सचिव म्हणून इतिवृत्त लिहिण्याचं काम येलमारचं होतं.

"लिही," नाना म्हणाले.

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं. हात वर झाले. दुधाळचाही झाला, इतरांच्या थोडा नंतर.

येलमारचं टेबल बाहेर काढायचं होतं. एका बाजूला तो होता. दुसरी बाजू कोणी धरेना, तेव्हा नानांनी धरली. चिंचेखाली टेबल ठेवल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाले, "नियम खोलीपुरता आहे. चहा घेणार?" दोघं गाड्यावर गेले. माझी बातमी त्या दिवशी उशिरा गेली.

दुसऱ्या दिवशी न्यायालय उघडताच पोलिसांनी चौघांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केलं. झुंबरच्या जामिनाला आता त्याने काही होणार नव्हतं. इमलच्या मामाच्या नावावर जमिनीचा तुकडा होता. त्याच्या सातबाऱ्यावर झुंबर आठवडाअखेर सुटला. बाकीचे तिघं आत राहिले.

बंद वाया गेला असं म्हणता येणार नाही. त्याच वर्षी आमच्या कोर्टात पहिल्या रिमांडपासून मोफत वकील नेमायला सुरुवात झाली. बंदोबस्तासाठी जादा पोलीस मिळाले. मंजुरीच्या पत्रात संघाच्या अहवालाचा उल्लेख होता. ती बातमी मी पहिल्या पानासाठी पाठवली, आतल्या पानावर आली.

झुंबर दोन तारखांना हजर राहिला. तिसऱ्या तारखेच्या आधी शेजारच्या तालुक्यात दरोडा पडला. पोलीस रात्री वस्तीवर आले, तेव्हा तो पालात नव्हता. तारखेला एकटी इमल आली. येलमारने चिंचेखालच्या टेबलावरून तिला विचारलं, कुठे गेला.

"मला न्हाई सांगितलं."

"तुला सांगितल्याशिवाय जाईल?"

"सांगितलं असतं तर मला तुमाला सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "आन् तुमाला कोर्टाला."

वॉरंट निघालं. मामाचा जामीन जप्त झाला आणि त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. पुढे कधीतरी वस्तीवरचं इमलचं पालही उठलं. कोणी म्हणालं ती नवऱ्याकडे गेली, कोणी म्हणालं माहेरी. बाजार समितीत मला ती परत दिसली नाही.

झुंबरचा खटला वेगळा काढून बाकी तिघांचा चालला. चार वर्षांनी. दुधाळने तो चालवला. मी बहुतेक सगळ्या तारखांना हजर होतो आणि आमच्या कोर्टात इतकी बारकाईची उलटतपासणी मी त्याआधी पाहिली नव्हती. ओळखपरेडच्या आधी साक्षीदाराला आरोपी पोलीस ठाण्यात दाखवले होते, हे त्याने साक्षीदाराकडूनच वदवून घेतलं. जखमी म्हाताऱ्यानेही सांगितलं की त्या रात्री आलेल्यांपैकी यात कोणी नाही. तिघं निर्दोष सुटले. निकाल ऐकून दुधाळ बाहेर आला, पायऱ्यांवर थोडा वेळ उभा राहिला आणि अभिनंदन करायला आलेल्यांना चुकवून स्कूटर काढून गेला. त्या तिघांतला एकजण, सर्वांत धाकटा, तुरुंगातून क्षय घेऊनच बाहेर आला होता. तो पुढचा उन्हाळा पाहू शकला नाही.

साक्षीदार तेच, पुरावा तोच. झुंबर त्या दिवशी त्या पिंजऱ्यात असता तर चौघं सुटले असते.

येलमारला दोन वर्षांनी संघाने परत घेतलं. ठराव नानांनी मांडला. त्याने टेबल मात्र आत नेलं नाही. पक्षकारांना चिंच सापडते, खोली सापडत नाही, असं कारण सांगितलं. नाना वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. दुधाळ सध्या संघाचा अध्यक्ष आहे. त्याच्या काळात नियमात एक ओळ वाढली आहे: बंदच्या दिवशीही ज्याची मुदत संपत असेल अशा कैद्याचा अर्ज कोणीही सदस्य दाखल करू शकेल. मुदतीच्या त्या ओळीवर चर्चा झाली नाही, एकमताने मंजूर झाली. येलमार सभेला होता. दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधी बोललेले मी ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर येलमारला एक फोन आला. नंबर परराज्यातला. त्याच संध्याकाळी त्याने मला घरी येऊन सांगितलं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. नाव सांगितलं नाही. विचारलं, ती केस अजून हाय का?

येलमारने सांगितलं की आहे. बाकीचे तिघं सुटले, हेही सांगितलं. हजर झालास तर थोडे दिवस आत बसावं लागेल, पण पुरावा काही नाही, सुटशील. सोमवारी ये, मी पायऱ्यांवर उभा राहतो, सोबत आत जाऊ.

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते.

मग तो माणूस म्हणाला, "सोमवारी बंद तर न्हाई ना, सायेब?"

येलमार म्हणाला, नाही.

सोमवारी मीही गेलो होतो. येलमार सकाळपासून खालच्या पायरीवर उभा होता. कोट घातलेला, बँड लावलेला. दुपारी दुधाळ त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. का उभे आहात, हे त्याने विचारलं नाही. पाचच्या सुमारास शिपायाने दारं ओढून घेतली.

झुंबर काळे आलेला नाही. तो नंबर तेव्हापासून बंद लागतो. वॉरंट कायम आहे.